स्पीकरची जोडणी : एक घरगुती शास्त्र

आमच्या जोयडा तालुक्यात मृगाचा पाऊस एकदा लागला म्हणजे घराबाहेरचे जग जणू मिटून जाते. रात्रीची जेवणे आटोपली, दारे लोटली, की कौलांवर पडणाऱ्या पावसाच्या साथीने घरातील मंडळी गाणे ऐकावयास बसतात. गाण्याच्या बाबतीत आमचा हा प्रदेश भाग्यवान होय. ज्या भूमीने गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व यांच्यासारखे गायक दिले, ती धारवाड, गदग आणि बेळगावची भूमी आमच्या घाटमाथ्याला लागूनच आहे. १९५० साली धारवाडला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि हे सूर रानातल्या वाड्यांपर्यंत पोहोचू लागले. पुढे घरोघर रेकॉर्डप्लेअर आले, टेपरेकॉर्डर आले, आणि आता तर खिशातल्या दूरध्वनीतही गाण्यांचा साठा मावतो.

परंतु गाणे थोर, गायक थोर आणि यंत्रही महागामोलाचे असूनही पुष्कळ घरी आवाज मात्र पोकळ, फाटका किंवा निर्जीव येतो. दोष यंत्राचा आहे असे समजून आपण दुकानदाराकडे धाव घेतो. वस्तुतः तो दोष बहुधा यंत्रात नसतो. अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गेलेल्या दोन साध्या तारांत तो दडून बसलेला असतो. त्या दोन तारांचे शास्त्र काय, ते आपण आज पाहू.

हे शास्त्र आम्हांस पुस्तकातून आले असते तर बरे झाले असते. आम्ही ते एका अपराधातून शिकलो, आणि तो येथे कबूल केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आमच्या हातून झालेली चूक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. स्नेहसंमेलनातील नाटकासाठी ध्वनियोजनेची जबाबदारी आम्ही हौसेने अंगावर घेतली. रामनगरात आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत. त्यांचे मूळ घर जुन्या सुपा गावात होते. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले आणि १९८० नंतरच्या दशकात ते गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि कित्येक कुटुंबे रामनगरात येऊन वसली. घर सोडताना आजोबांनी जे थोडे सामान जिवापाड जपून आणले, त्यात एक अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि एक कॅसेट होती. कॅसेटवर त्यांच्या आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या. त्या ओव्या जुन्या घराच्या पडवीत ध्वनिमुद्रित केलेल्या होत्या.

“मास्तर, घेऊन जा. मुलांचे काम आहे,” असे म्हणून त्यांनी तो संच आम्हांस दिला.

सभागृह मोठे म्हणून आम्ही आणखी दोन स्पीकर मिळविले आणि अँप्लिफायरच्या प्रत्येक बाजूस दोन दोन स्पीकर एकत्र जोडून दिले. आवाज खणखणीत निघाला. आम्ही मनोमन खूश झालो. रंगीत तालीम दोन तास चालली. आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरविलेले होते. दुसरा अंक संपता संपता एकदम शांतता पसरली आणि जळका वास आला. अँप्लिफायरच्या पाठीवर ‘किमान ८ ओहम’ असे स्पष्ट लिहिलेले होते. ती ओळ आम्ही वाचली होती, परंतु तिचा अर्थ मनाला विचारला नव्हता.

आवाज उमटतो कसा?

आपण नेहमी पाहतो तो स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली जगापुढे मांडला. शंभर वर्षे झाली तरी त्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही. एक बळकट चुंबक असतो. त्याच्या फटीत बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी अधांतरी बसविलेली असते आणि त्या गुंडाळीला कागदाचा किंवा तशाच हलक्या पदार्थाचा शंकू चिकटविलेला असतो. गुंडाळीतून विद्युतधारा वाहू लागली की ती स्वतःच चुंबक बनते. धारेच्या दिशेप्रमाणे ती पुढे ढकलली जाते किंवा मागे ओढली जाते. तिच्याबरोबर शंकू हलतो, शंकूबरोबर हवा हलते आणि हवेचे ते कंपन आपल्या कानी ध्वनी म्हणून येते.

कॅसेटमधून किंवा तबकडीवरून निघणारी विद्युतधारा इतकी क्षीण असते की तिने हा शंकू तसूभरही हलणार नाही. तिला बळ देण्याचे काम अँप्लिफायर करतो. याचा अर्थ असा, की अँप्लिफायर हा देणारा आणि स्पीकर हा घेणारा. देणाऱ्याची ऐपत आणि घेणाऱ्याची मागणी यांचा मेळ घालणे, हेच जोडणीचे सारे शास्त्र होय.

आठ ओहम म्हणजे काय?

विद्युतधारेला होणाऱ्या अडथळ्यास रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. जॉर्ज ओहम हा जर्मनीतील एका शाळेचा शिक्षक. त्याने १८२७ साली आपला प्रसिद्ध नियम ग्रंथरूपाने मांडला : विद्युतदाबाला रोधाने भागले असता विद्युतधारा मिळते.

ज्यांच्या घरी सुपारीची बाग आहे, त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. पाटातील पाण्याची उंची म्हणजे दाब, वाहणारे पाणी म्हणजे धारा आणि मोरीचा अरुंदपणा म्हणजे रोध. मोरी अरुंद असेल तर पाणी कमी जाईल. रुंद असेल तर जास्त जाईल.

स्पीकरच्या पाठीवर ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा लिहिलेला असतो. हा आकडा सरासरीचा आहे, हे ध्यानात ठेवावे. स्पीकरमधील धारा सतत उलटसुलट होत असल्यामुळे तिला होणाऱ्या एकूण अडथळ्याला संरोध म्हणतात आणि तो स्वराच्या उंचीप्रमाणे बदलतो. ८ ओहमचा स्पीकर एखाद्या खर्जातील स्वराला ३० ओहमचा अडथळा करील, तर दुसऱ्या एखाद्या स्वराला अवघा ६ ओहमचा. साध्या मीटरने मोजले तर त्याच स्पीकरचा रोध ६ ते ७ ओहम भरतो. तेवढ्यावरून तो बिघडला असे समजू नये.

दोन स्पीकर, दोन रीती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अँप्लिफायरच्या एका बाजूस दोन स्पीकर जोडावयाचे झाल्यास ते कसे जोडावे? याच्या दोन रीती शाळेतील प्रत्येक विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला शिकलेला असतो.

पहिली एकसर जोडणी. अँप्लिफायरच्या लाल टोकापासून निघालेली तार पहिल्या स्पीकरच्या लाल टोकास, त्याच्या काळ्या टोकापासून दुसऱ्याच्या लाल टोकास, आणि दुसऱ्याच्या काळ्या टोकापासून परत अँप्लिफायरच्या काळ्या टोकास. येथे रोधांची बेरीज होते. ८ आणि ८ मिळून १६ ओहम.

दुसरी समांतर जोडणी. दोन्ही स्पीकरांची लाल टोके अँप्लिफायरच्या लाल टोकास आणि दोन्ही काळी टोके काळ्या टोकास. येथे एका मोरीऐवजी दोन मोऱ्या उघडल्यासारखे होते. रोध निम्म्यावर येतो. ८ आणि ८ मिळून केवळ ४ ओहम. असेच तीन स्पीकर जोडले तर सुमारे २.७ ओहम आणि चार जोडले तर २ ओहम.

यातून काय घडते ते उदाहरणाने पाहू. समजा, अँप्लिफायर १६ व्होल्टचा दाब देत आहे. ८ ओहमचा एकच स्पीकर असेल तर २ अँपियर धारा वाहील आणि शक्ती होईल ३२ वॅट. दोन स्पीकर एकसर जोडले तर १ अँपियर धारा वाहील. एकूण शक्ती १६ वॅट आणि प्रत्येकाच्या वाट्यास ८ वॅट येतील. तेच दोन समांतर जोडले तर अँप्लिफायरला ४ अँपियर धारा पुरवावी लागेल आणि एकूण शक्ती ६४ वॅट होईल. आवाज वाढला म्हणून आम्ही खूश झालो होतो, त्याचे कारण हेच. परंतु ज्या यंत्राची ऐपत २ अँपियरची, त्याच्याकडून आम्ही दोन तास ४ अँपियर वसूल करीत होतो. आतील ट्रान्झिस्टर तापत गेले आणि अखेर जळाले.

आणि एवढे करून मिळाले काय? आपल्या कानाचा स्वभाव असा आहे, की शक्ती दुप्पट केली तरी आवाज थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. तो दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणजे थोड्याशा आवाजासाठी आम्ही आजोबांचा संपूर्ण संच पणास लावला होता.

मग एकसर जोडणीच नेहमी का करू नये? त्यातही उणेपणा आहे. एक स्पीकर बंद पडला की साखळी तुटून दुसराही मुका होतो. शिवाय दोन स्पीकर निरनिराळ्या जातीचे असतील तर ते एकमेकांच्या वाट्याचा दाब स्वरागणिक कमीअधिक करतात आणि आवाजाचा मूळ रंग बिघडतो. म्हणून एकसर जोडावयाचे स्पीकर शक्यतो एकाच बनावटीचे असावेत.

चार स्पीकर जोडणे प्राप्तच असेल तर दोन्ही रीतींचा संगम करावा. दोन दोन स्पीकर एकसर जोडून १६ ओहमच्या दोन जोड्या कराव्यात आणि त्या दोन जोड्या समांतर जोडाव्यात. हिशेब पुन्हा ८ ओहमवर येतो आणि अँप्लिफायर सुरक्षित राहतो. आमच्याकडेही चारच स्पीकर होते. चारही एका बाजूस या रीतीने जोडले असते तर डावी-उजवी बाजू निराळी राहिली नसती. परंतु नाटकातील संवादांना तिची गरजच नव्हती. कागदावर एवढा हिशेब मांडावयास पाच मिनिटे पुरली असती.

काही अँप्लिफायरांवर ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन जोड्यांची सोय असते आणि दोन्ही एकदम लावण्याचे बटणही असते. आतील जोडणी बहुधा समांतर असते, क्वचित एकसर. पाठीवरील मजकूर वाचूनच निर्णय घ्यावा.

लाल आणि काळे

आता जी गोष्ट सांगावयाची आहे, तिच्यामुळे यंत्र जळत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. स्पीकरच्या दोन टोकांपैकी एक धन व एक ऋण असते. सामान्यतः धन लाल आणि ऋण काळे. दोन्ही स्पीकर सारखेच जोडले असतील तर दोघांचे शंकू एकाच वेळी पुढे येतात आणि एकाच वेळी मागे जातात. एकाच्या तारा उलट लागल्या तर एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एकाने हवा दाबावी आणि दुसऱ्याने ती ओढून घ्यावी, असा प्रकार होतो. परिणामी तबल्याच्या डग्ग्याचा भरदार नाद लोपतो आणि समोर मध्यभागी बसून गात आहे असा वाटणारा गायक कोठे बसला आहे तेच कळेनासे होते.

ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन स्पीकरांच्या ध्वनियोजनेचे पेटंट मागितले, आणि १९५८ च्या सुमारास तशा तबकड्या बाजारात आल्या. डावा आणि उजवा स्पीकर यांच्यामध्ये, जेथे प्रत्यक्षात काहीच नाही तेथे गायक उभा करावयाचा, ही त्यातील किमया होय. एक तार उलटली की ती किमया नाहीशी होते.

टोकांवर रंग उरला नसेल तर परीक्षा सोपी आहे. स्पीकर अँप्लिफायरपासून सोडवावा. दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन त्याची दोन टोके स्पीकरच्या दोन टोकांस क्षणभरच लावावीत. मोठा शंकू बाहेर आला तर सेलचे धन टोक ज्यास लावले ते स्पीकरचे धन टोक समजावे. आत गेला तर उलट. शंकू दिसत नसेल तर दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवून एकाच माणसाचे बोलणे लावावे आणि यंत्र बंद करून एका स्पीकरच्या तारा अदलून पुन्हा ऐकावे. ज्या रीतीत आवाज भरदार आणि नेमका मध्यातून येतो, ती रीत बरोबर.

तार कोणती घ्यावी?

बाजारात तारांविषयी पुष्कळ अद्भुत गोष्टी सांगितल्या जातात. त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी हिशेब करावा. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७५ ओहम असतो. स्पीकर १० मीटर दूर असेल तर जाण्यायेण्याची तार २० मीटर आणि तिचा रोध ०.३५ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे प्रमाण शेकडा पाचाहून कमी असल्यामुळे चालण्याजोगे आहे. तार निम्म्या जाडीची घेतली तर रोध ०.७ ओहम होईल आणि काही शक्ती तार तापविण्यात फुकट जाईल. ४ ओहमच्या स्पीकरला एवढ्याच अंतरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. याहून अधिक खर्च करण्याचे घरात कारण नाही.

आमच्या पावसाळी हवेत खरा शत्रू निराळाच असतो. उघड्या तांब्यावर दमटपणाने हिरवा थर चढतो आणि सांधा खराब होतो. पावसाळा संपला की टोके सोडवून, कापून, नव्याने सोलून बसवावीत. तारेतील धागे नीट पिळून घ्यावेत. एखादा धागा सुटून शेजारच्या टोकास लागला तर रोध शून्यावर येतो आणि यंत्राचा बळी जातो.

काही स्पीकरांच्या पाठीवर चार टोके असतात. दोन खर्जाची, दोन तार स्वरांची. ती पितळी पट्टीने जोडलेली असतात. दोन निराळे अँप्लिफायर लावावयाचे असतील तर ती पट्टी आधी काढलीच पाहिजे. नाही तर एक यंत्र दुसऱ्यावर चालून जाईल. एकच अँप्लिफायर असेल तर पट्टी आहे तशी राहू द्यावी. तसेच अँप्लिफायरच्या डाव्या-उजव्या बाजूंची काळी टोके एकमेकांस कधीही जोडू नयेत. कित्येक यंत्रांत ती आतून एक नसतात.

जत्रेतील भोंगे

जत्रेत एकाच अँप्लिफायरवर अर्ध्या गावभर भोंगे लागलेले पाहून कोणी विचारील, तेथे यंत्र कसे जळत नाही? तेथील योजनाच वेगळी असते. त्या यंत्रातून १०० व्होल्टपर्यंत चढविलेला दाब तारेत सोडतात आणि प्रत्येक भोंग्याशी एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवून तो पुन्हा उतरवितात. १०० वॅट शक्ती ८ ओहमच्या भोंग्याला थेट पाठवावयाची तर साडेतीन अँपियर धारा लागेल. १०० व्होल्टवर तीच शक्ती १ अँपियरने जाते. धारा कमी म्हणून लांब तारेतील नुकसानही कमी. सुपा धरणाच्या पायथ्याशी निर्माण होणारी वीज उंच मनोऱ्यांवरून चढ्या दाबाने दूरदेशी जाते, त्यातील तत्त्व हेच. येथे ओहमची नव्हे, वॅटची बेरीज करावयाची; सर्व भोंग्यांचे वॅट मिळून यंत्राच्या वॅटहून अधिक होऊ नयेत. परंतु घरचा ८ ओहमचा स्पीकर त्या तारेस चुकूनही लावू नये. हिशेबाने त्यावर १२५० वॅटचा भार पडेल आणि त्याची राख होईल. त्या तारेस उघड्या हाताने स्पर्श करणेही धोक्याचे आहे.

जोडण्यापूर्वी

कोणतीही जोडणी करण्यापूर्वी यंत्र बंद करून भिंतीतील पिन काढावी. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या पाठीवरील आकडे वहीत उतरवावेत. जोडणीची आकृती काढून एकूण ओहम मोजावेत. सुरू करताना आवाजाचे बटण शून्यावर असावे. जुन्या व्हाल्वच्या यंत्राला ४, ८ व १६ ओहमची निरनिराळी टोके असतात. स्पीकरचा आकडा पाहून टोक निवडावे आणि असे यंत्र स्पीकरवाचून कधीही चालवू नये.

आजोबांचा अँप्लिफायर बेळगावच्या एका कारागिराने महिन्याभरात दुरुस्त करून दिला. खाली मान घालूनच आम्ही तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. आजोबा रागावले नाहीत. “यंत्र आहे, बिघडायचेच. कॅसेट सुखरूप आहे ना?” एवढेच त्यांनी विचारले.

या वेळी आम्ही प्रत्येक टोक तपासून जोडावयाचे ठरविले, आणि तेव्हा एक गोष्ट नजरेस आली. त्यांच्या उजव्या स्पीकरच्या तारा उलट होत्या. सुपा सोडताना घाईघाईने सोडविलेल्या आणि नव्या घरी आठवणीने जोडलेल्या तारा. त्यानंतर त्यांना कोणी हात लावला नव्हता. आम्ही त्या अदलल्या आणि कॅसेट लावली. इतकी वर्षे खोलीभर विखरून येणारा तो पातळ आवाज एकवटला आणि दोन स्पीकरांच्या मध्ये, भिंतीपाशी, जात्याच्या घरघरीसह एका बाईचा आवाज स्वच्छ उभा राहिला.

आजोबा बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, “मास्तर, जाते असेच पडवीत मधोमध होते.”

त्याच आठवड्यात आम्ही त्या ओव्या संगणकावर उतरवून घेतल्या. विद्यार्थी मित्रहो, तुमच्याही घरी असा एखादा आवाज कपाटात पडून असेल. सुटीत तो बाहेर काढा, यंत्राच्या पाठीवरील आकडा वाचा आणि मगच तारा जोडा.